शिवीगाळ केस कोणाची?

"शिवीगाळ केस कोणाची?"

वाहतूक कार्यालयाच्या खिडकीतून कारकुनाने असा पुकारा केला, तेव्हा मी पर्समध्ये तोंड घालून रुमाल शोधायला लागले. रांगेतले लोक माना वळवून तो नग कोण ते बघत होते. मीही वळवली. 'काय बाई एकेक लोक असतात' असा चेहरासुद्धा केला. मग त्याने आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं नाव वाचलं, पाठोपाठ संचालिका म्हणून माझं नाव वाचलं, आणि मला पुढे व्हावंच लागलं.

आता हे सांगायलाच हवं, की आयुष्यात 'मेलं' या शब्दाच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. तेही उतू गेलेल्या दुधाला उद्देशून. गाडी शिकवतात आमचे हे. शिव्या देतात आमचे हे. पण शिकवणारा आणि जबाबदार माणूस वेगवेगळे असावेत असा त्या कार्यालयाचा नियम आहे, म्हणून परवाना माझ्या नावावर. हा नियम करणाऱ्याची आणि आमच्या ह्यांची कुठेतरी गाठ पडलेली असावी.

"नेमका शब्द काय होता?" कारकुनाने विचारलं.

"असभ्य होता."

"ते तक्रारीत आहेच हो. शब्द कोणता? किरकोळ, मध्यम की गंभीर, त्यावर पुढचं टेबल ठरतं."

"मी तो उच्चारत नाही."

"मग मी ठरवायचं कसं?"

माझ्या मागच्या माणसाला घाई होती. तो मदतीला धावला. "काकू, आईवरून होता की बहिणीवरून?"

"वडिलांवरून," मी रुमालात पुटपुटले.

"मग किरकोळ!" रांगेने एकमुखाने निकाल दिला. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ खवळले. "का? किरकोळ का? बापाला काही मानच नाही का या देशात?" त्यावर रांगेत दोन तट पडले आणि वाद इतका पेटला की पुढची भाषा ऐकून कारकुनाने खिडकीच लावून घेतली. माझी केस मध्यम धरली गेली.

तक्रार केली होती निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. बाई आमच्याकडे गाडी शिकत होत्या. वय साठीच्या पुढे, पाठ ताठ, केसांचा अंबाडा असा की वाऱ्याने हलायची त्याची टाप नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'प्रशिक्षक क्लचविषयी बोलताना माझ्या दिवंगत वडिलांचा वारंवार उल्लेख करतात. माझ्या वडिलांनी कधीही गाडी चालवली नव्हती.' यात खोटं काहीच नव्हतं. कार्यालयाने त्यावर शेरा मारला: पुढच्या महिन्यात अधिकारी स्वतः याच बाईंच्या तासाला मागच्या सीटवर बसतील, सोबत संचालिकेने हजर राहावं, आणि एक जरी अपशब्द कानावर पडला तर परवाना रद्द.

तक्रार केल्यावर बाई यायच्या बंद होतील असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला दारात उभ्या. "तक्रार वेगळी, तास वेगळा," असं म्हणून गाडीत जाऊन बसल्या.

कोणाला वाटेल, आमचे हे तापट आहेत. अजिबात नाही. घरात गाय आहेत गाय. भाजीत मीठ नसलं तर न बोलता खातात आणि दुसऱ्यांदा वाढलं तर न बोलता दुसऱ्यांदा खातात. मी नुसतं "अहो" म्हटलं की असतील तिथे, असतील तसे थांबतात. एक पाय चपलेत, एक बाहेर. टूथब्रश तोंडात तसाच. 'आता काय केलं मी?' असं डोळ्यांत. वास्तविक इतक्या वर्षांत मी "अहो" म्हणून बहुतेक वेळा चहा झाल्याचंच सांगितलंय, पण ह्यांचा विश्वास काही बसत नाही.

मात्र हाच माणूस गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर बसला, की जिभेचा टाका उसवतो. मी ऑफिसात बसून ऐकत आलेय, त्यामुळे माझ्या सोयीसाठी मी शिव्यांचे गिअर पाडलेत. पहिला गिअर म्हणजे जनावरांची नावं. दुसऱ्यात शिकणाऱ्याची बुद्धी आणि ती कुठे ठेवलेली असते ते ठिकाण. तिसऱ्यात जवळचे नातेवाईक. टॉप गिअर मी एकदाच ऐकला, आमच्याच गाडीने पोलिसांच्या गाडीला मागून नमस्कार केला तेव्हा. आणि रिव्हर्स म्हणजे थेट पूर्वजांकडे जाणारी. मुख्याध्यापिकाबाईंना क्लच सोडायला नेहमी उशीर होई, त्यामुळे त्यांच्या वाट्याला रिव्हर्स फार आला.

परवाना जाणं म्हणजे काय, ते मला पुरतं माहीत होतं. ह्यांना दुसरं काही येत नाही. येतं ते असं, की थरथरणाऱ्या माणसाला चाकामागे बसवून महिन्याभरात चौकातून पार करायचं. रस्त्यात कोणी गाडी बाजूला घेऊन "सर, ओळखलंत का?" असं विचारलं, की त्या दिवशी ह्यांना चार घास जास्त जातात. ते गेलं असतं तर ह्यांनी काय केलं असतं? घरात बसले असते. दिवसभर. न बोलता. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी पदर खोचला.

"उद्यापासून शिव्या बंद," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले. गाय म्हटलं ना मी.

ही बातमी बिल्डिंगमध्ये कशी पसरली कोण जाणे. कदाचित मी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना 'कोणाला सांगू नका' म्हणाले, त्यामुळे असेल. त्या लगेच रबरबँड घेऊन खाली आल्या. "भावोजींच्या मनगटात घाला. शिवी ओठांवर आली की स्वतःच ताणून सोडायचा. आमच्या ह्यांचं नखं खाणं असंच सुटलं."

"सुटलं ना?"

"हो. आता रबरबँड खातात."

पहिल्याच दिवशी एका शिकाऊ तरुणाने उजवीकडचा दिवा लावून गाडी डावीकडे घेतली. ह्यांनी मनगटातला रबर ताणून सोडला. तो सटकला आणि तरुणाच्या कानावर बसला. तरुणाने दोन्ही हातांनी कान धरला आणि चाक वाऱ्यावर सोडलं. गाडी सरळ गादीवाल्याच्या दुकानासमोर रचलेल्या गाद्यांच्या थप्पीत शिरली. लागलं कोणाला नाही. गादीच ती. पण गादीवाला काही ऐकेना. "चाकाचा वण उठलेली गादी मी कोणाला विकू? तुम्हीच न्या." नेली.

तळमजल्यावरच्या औषधवाल्या काकांनी खोकल्याची कडक गोळी सुचवली. गोळी गालात असली की जीभ वळत नाही, हे त्यांचं शास्त्र. जीभ वळली नाही हे खरं. पण शिवी आली तशी तिथेच अडली, ह्यांनी दात आवळले, गोळी कडक होती आणि दाढ जुनी. दाताच्या डॉक्टरांकडे मी सोबत गेले होते. तोंड उघडं ठेवून, आत नळ्या असताना माणूस तिसऱ्या गिअरमध्ये जाऊ शकतो हे त्या दिवशी कळलं. डॉक्टर फार सभ्य. "बधिर झालेलं दिसत नाही," एवढंच म्हणाले.

मग मी स्वतः लक्ष घातलं. माझं शिक्षण फार नाही, पण वाचन आहे, आणि वाचनाने माणसाला आपण सगळ्यांपेक्षा चांगलं लिहू शकतो असा एक धोकादायक भ्रम होतो. मी प्रत्येक गिअरला एकेक सभ्य वाक्य तयार केलं आणि ह्यांच्याकडून घोकून घेतलं. पहिल्या गिअरला, 'आपण जरा लक्ष दिलंत तर बरं होईल.' दुसऱ्याला, 'आपल्या बुद्धीबद्दल आदर राखून सांगावंसं वाटतं.' रिव्हर्सला मी जीव ओतला होता. 'आपल्या घराण्याची परंपरा लक्षात घेता आपल्याकडून अधिक अपेक्षा आहे.'

हे वाक्य हे मुख्याध्यापिकाबाईंना म्हणायला लागले, तेव्हा गाडी चौकात होती. 'परंपरा'पर्यंत आले तेव्हा चौक ओलांडला होता. 'अपेक्षा' हा शब्द ह्यांनी गादीत उच्चारला.

बाई मात्र खूश. "वाक्यरचना निर्दोष होती, सर," गाडीतून उतरताना पदरावरचा कापूस झटकत त्या म्हणाल्या.

गादीवाला माझ्याकडे हात जोडून आला. "वहिनी, सर शिव्या देत होते तेव्हा गाडी कधी फुटपाथवर चढली नव्हती. काय हवं ते बोलू द्या त्यांना. माझ्या आईवडिलांबद्दल बोलू द्या, मी रागावणार नाही. लिहून देतो."

तोपर्यंत आमच्याकडे माणसं दोन आणि गाद्या इतक्या झाल्या होत्या, की पलंगावर चढायला स्टूल लागत होतं. त्या उंचावर बसून एका संध्याकाळी ह्यांनी मला मनातलं सांगितलं. एरवी मनातलं सांगणारा माणूस नाही. उंचीचा परिणाम असेल.

"अगं, मला वाटतं, ते जोडलेलं आहे."

"काय जोडलेलं आहे?"

"तोंड आणि पाय." शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, तो आमच्या धंद्याचा प्राण. "शिवी सुटते आणि त्याच क्षणी पाय दाबला जातो. मी दाबत नाही, तो दाबला जातो. इतक्या वर्षांचं ते तसंच. आता शिवी अडवली की पायही अडतो. हवेत राहतो नुसता." आणि त्यांनी उंच पलंगावरून लोंबणारा आपला उजवा पाय असा बघितला, जसा काही तो दुसऱ्या कोणाचा होता.

मला हसू आलं नाही. म्हणजे एक शिवी दिली तर परवाना जाणार, आणि नाही दिली तर गाडी जाणार. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, शिवीच्या जागी एखादा छोटासा, जोरदार शब्द द्या ना बाबांना. फळांची नावं वगैरे." दोन दिवस हे रस्त्याने "कलिंगड!" असं ओरडत फिरले. पाय हलला नाही. उलट एक फळवाला त्यांच्यामागे धावत आला. जिभेला कलिंगडाची भीती नव्हती, तर पायाला कुठून असणार?

तपासणीचा दिवस उगवला. अधिकारी आले. अंगाने जाड, मिशा जाड, चष्मा जाड. माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसताना गाडी त्यांच्या बाजूला एवढी कलली, की मी आपोआप त्यांच्याकडे घसरायला लागले. मी दाराची कडी धरून माझी अब्रू माझ्या बाजूला ठेवली. चाकामागे मुख्याध्यापिकाबाई. त्यांच्या शेजारी आमचे हे, ओठ घट्ट मिटून, घामाने डबडबलेले.

"करा सुरू," साहेब म्हणाले. "मी नाही आहे असं समजा." ते अवघड होतं.

पहिलं वळण नीट पार पडलं. दुसऱ्या वळणावर बाईंनी वायपर लावला, कारण त्यांना हॉर्न वाजवायचा होता. ह्यांचे कान लाल झाले, पण तोंडातून ब्र नाही. साहेबांनी समाधानाने मान हलवली. मला वाटलं, निभावतंय. फक्त बाजारचा रस्ता उरला होता. गादीवाल्याने आमच्या तपासणीचं ऐकून आपल्या गाद्या आत घेऊन शटर अर्धं ओढून ठेवलं होतं आणि स्वतः पायरीवर उभा राहून बघत होता.

आणि समोरच्या फर्निचरच्या दुकानातून दोन हमाल कपाटाचा आरसा घेऊन रस्त्यात आले. माणसाहून उंच आरसा. दोघे दोन टोकांना, आणि रस्ता पूर्ण अडलेला.

"बाई, ब्रेक," हे हळू आणि सभ्यपणे म्हणाले.

"हो सर," असं म्हणून बाईंनी निर्धाराने अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

आरसा जवळ यायला लागला. आरशात आमची गाडी दिसत होती. आयुष्यात मी आमची गाडी समोरून अशी अंगावर येताना कधी बघितली नव्हती. चाकामागे बाई, पाठ ताठ. मागे साहेब, मिशीवर हात. आणि पुढे आमचे हे. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शिवी गळ्यापर्यंत आलेली. मोठी असणार, टॉप गिअरची. गाल फुगले होते, डोळे बाहेर आले होते, आणि ओठ मात्र मिटलेले. हा माणूस माझ्या नावावरच्या त्या परवान्यासाठी स्वतःला गिळत बसला होता. उजवा पाय हवेत.

तेव्हा मी विचार केला नाही. विचार केला असता तर एखादं सभ्य, निर्दोष वाक्य सुचलं असतं आणि आम्ही सगळे आरशात गेलो असतो. स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा, त्याच पट्टीत, माझ्या तोंडून शब्द फुटला.

"अहो!"

ह्यांचा पाय असा खाली आला, की गाडी जागच्या जागी खिळली. मुख्याध्यापिकाबाई अजून अ‍ॅक्सिलरेटर दाबत होत्या, इंजिन गुरगुरत होतं, पण गाडी हलेना. आरसा आमच्या बोनेटपासून हातभर लांब.

मग माझ्या लक्षात आलं, की थांबलेली फक्त गाडी नव्हती.

आरसा धरलेले दोन्ही हमाल एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबले होते. सायकलवाला पाय टेकून उभा होता. पायरीवरचा गादीवाला हातातला चहाचा ग्लास ओठांपाशी धरून तसाच थिजला होता. पानपट्टीपाशी हसत उभे असलेले तिघे एकदम गंभीर झाले होते, आणि त्यातल्या एकाने हातातली सिगारेट पाठीमागे लपवली होती. सबंध बाजारातला प्रत्येक लग्न झालेला पुरुष 'आता काय केलं मी?' असा चेहरा करून माझ्याकडे बघत होता. बायका तेवढ्या आपापल्या वाटेने पुढे चालल्या होत्या.

मी शेजारी बघितलं. मागच्या सीटला ब्रेक नसतो, तरी साहेबांचा उजवा पाय पुढच्या सीटखाली गच्च दाबलेला होता.

मग साहेबांनी घसा साफ केला. "हा... हा शब्द कोणाला उद्देशून होता?"

"ह्यांना," मी म्हटलं.

"अच्छा," साहेब म्हणाले आणि पाय हळूच उचलून घेतला. "मला वाटलं... असो."

मुख्याध्यापिकाबाई मागे वळल्या. "मला काहीच झालं नाही. सगळे का थांबले?" बरोबर होतं त्यांचं. जन्मभर त्या 'अहो' म्हणत आल्या होत्या, त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. पण बाई हुशार. क्षणभर त्यांनी आरशात बघितलं, मग रस्त्यावर थिजलेल्या पुरुषांकडे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या. "अच्छा! तरी मी म्हणते, शाळेत छडीशिवाय शिपाई, कारकून, सगळे माझं ऐकायचे कसे. मी त्यांनाही हीच हाक मारायचे."

साहेबांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचूनही दाखवला. "भाषा सभ्य. ब्रेक उत्तम." पेन खिशात ठेवताना मला हळूच म्हणाले, "वहिनी, आवाजाची पट्टी मात्र जपून वापरा. आमच्या घरीही अगदी हीच आहे." कार्यालयात कारकुनाने तो शेरा वाचून विचारलं, "हा 'अहो' कुठल्या रकान्यात घालू? किरकोळ, मध्यम की गंभीर?" मी मान ताठ ठेवून, रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "गंभीर."

त्यानंतर काही आठवडे मी रोज मागच्या सीटवर बसून 'अहो' म्हणत फिरले. हळूहळू ह्यांनी ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली. आधी पाय फसायचा नाही, त्याला अस्सल आणि नक्कल कळायची. पण ह्यांनी माझी पट्टी पकडली, तो अर्धा वैताग आणि अर्धी काळजी बरोबर मिसळली, आणि एके दिवशी पाय आला खाली. आता शिकणारी माणसंसुद्धा घाबरून न जाता थांबतात. गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक परवा येऊन हळूच विचारून गेला, की वहिनी, आमच्या शिकवणाऱ्यालाही जरा शिकवाल का. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाल्या आणि कार्यालयाला त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, त्यात प्रशिक्षकाची स्तुती होती आणि वडिलांचा उल्लेख नव्हता. वरच्या वहिनी तेवढ्या नाराज आहेत. मी खाली 'अहो' म्हटलं की वर त्यांचे हे दाढी करता करता थांबतात आणि साबण वाळतो.

आणि एक झालं. इतकी वर्षं स्कूल माझ्या नावावर, पण मला गाडी येत नव्हती. लग्नानंतर एकदा ह्यांनी शिकवायला घेतलं होतं, पहिल्याच वळणावर दुसरा गिअर पडला आणि मी उतरून चालत घरी आले होते. परवा मी किल्ली उचलली आणि म्हटलं, "चला."

"कुठे?"

"शिकवा मला."

हे घाबरले. पण बसले. मी क्लच सोडला, गाडी दोन उड्या मारून निघाली. बाजाराच्या रस्त्याला एक कुत्रं अचानक आडवं आलं, आणि आमच्या दोघांच्या तोंडून एकदमच निघालं.

"अगं!"

"अहो!"

दोन पाय, दोन ब्रेक. आमची गाडी आजवर इतकी घट्ट कधी थांबली नव्हती. कुत्रं निवांत पलीकडे गेलं. गादीवाल्याने पायरीवरून हात केला.

"जमलं की गं," हे म्हणाले. मी आरसा नीट केला, पहिला गिअर टाकला, आणि त्या दिवशी ह्यांनी घरी आल्यावर चार घास जास्त खाल्ले.